पांढऱ्या लेबलाची तबकडी

“सगळं घ्यायचं, नाहीतर काहीच नाही,” असं म्हणून मिसेस हॅरिसन ट्रंकेवर बसल्या.

म्हणाल्या त्या हिंदीत. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत साठ वर्षं मुरलेली ती हिंदी होती. तिच्यात समोरचा प्रत्येक माणूस ‘तुम’ असे आणि जगातली प्रत्येक वस्तू पुल्लिंगी. त्यांचे यजमान मेल ड्रायव्हर होते, ते वारल्याला तीन वर्षं झाली होती. आता त्या मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाल्या होत्या आणि व्हरांड्यात त्यांच्या संसाराचा बाजार मांडलेला होता. मी दोन खोक्यांपुढे गुडघ्यांवर बसलो होतो. तळाशी मला जुन्या गवयांच्या दोन रेकॉर्डी दिसल्या होत्या. त्या मी नऊ वर्षं शोधत होतो. चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न चालला होता, पण मिसेस हॅरिसननी आयुष्यभर फिरत्या विक्रेत्यांशी हुज्जत घातलेली. त्यांना कोरा चेहरा वाचता येत होता.

मी म्हटलं, मला एवढ्या दोनच हव्यात. बाकीच्या साठेक रेकॉर्डी हवाईयन गिटारच्या होत्या. वेष्टनांवर नारळाची झाडं आणि गवताचे परकर नेसलेल्या बायका. असलं काही मी घरी नेलं असतं तर माझ्या ट्रंकेत जमवलेल्या गायकबुवांनी सामूहिक देहत्याग केला असता.

“सगळं,” त्या म्हणाल्या.

शेवटी असं ठरलं की मी दोन रविवार येऊन त्यांची काचेची भांडी पेंढ्यात बांधून द्यायची आणि दोन्ही खोकी उचलायची. मी पार्सल ऑफिसात कारकून होतो, त्यामुळे पेंढ्याशी माझं नातं जुनं होतं.

माझा संग्रह उभा राहिला तोच या नोकरीच्या जिवावर. कोणाची बदली झाली, कोण रिटायर होऊन गावाकडे निघालं, हे त्याच्या नातेवाइकांच्या आधी मला कळायचं, कारण सामान आमच्याकडे बुक व्हायचं. वर्ष त्र्याऐंशी. कॅसेटी आल्या होत्या आणि लोक रेकॉर्डी टाकून देत होते. एका गार्डाच्या घरी तर माठावर झाकण म्हणून ठेवलेला मालकंस मी सोडवून आणला होता. असं करत करत माझ्याकडे दोनशे दहा रेकॉर्डी जमल्या. सगळ्या शास्त्रीय, सगळं गायन. माझी बायको इंदू त्या ट्रंकेला ‘मयत मंडळी’ म्हणायची. झाडताना ती ट्रंक सरकवायला लावायची आणि म्हणायची, “उचला मयत मंडळी.”

पहिल्या रविवारची भांडी बांधून मी खोकी घरी आणली, त्याच दिवशी ग्रामोफोनला नवी सुई बसवली होती. नव्या सुईखाली पहिल्यांदा चांगली रेकॉर्ड घालायची नाही, हा माझा नियम. म्हणून मुद्दाम परकरवाल्यांतली एक काढली आणि लावली.

आता हे कसं सांगावं? ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातात पोलादाची एक कांडी धरून ती तारांवरून सरकवतात. त्यामुळे सूर एका पायरीवरून दुसरीवर पाय उचलून जात नाही. तो घसरत जातो, आणि घसरताना वाटेतल्या सगळ्यांची चौकशी करून जातो. पहिल्या मिनिटाला मला हसू आलं. दुसऱ्या मिनिटाला हसू थांबलं. इंदू कणकेचे हात घेऊन दारात आली.

“कोण रडतंय हे?”

“गिटार आहे. सुई तपासतोय.”

ती रेकॉर्ड संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, “बरी तपासून घ्या. परत लावा.”

दोन आठवड्यांत मी साठच्या साठ ऐकल्या, काही पाचपाचदा. ऑफिसातून येताना पावलं आपोआप झपझप पडायची. पण हे सगळं खिडक्या लावून चालायचं, आणि त्याला कारण होतं प्राचार्य सबनीस.

आमच्या गावात तेव्हा एक श्रवण मंडळ होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर बसून रेकॉर्डी ऐकायची. ग्रामोफोन मंडळाचा, रेकॉर्डी सभासदांनी आणायच्या. अध्यक्ष प्राचार्य त्र्यंबकराव सबनीस. कॉलेजातून निवृत्त झाले तरी त्यांच्यातलं कॉलेज निवृत्त झालं नव्हतं. रेकॉर्ड वाजायच्या आधी ते ऐकणाऱ्यांना काय वाटेल ते सांगायचे, आणि वाजून झाल्यावर तसं वाटलं की नाही ते तपासायचे. माझं आडनाव झोपे. त्यामुळे मी डोळे मिटून दाद दिली की ते हटकून म्हणत, “झोपे, नावाला जागू नका.” अकरा वर्षं हा एकच विनोद, आणि अकरा वर्षं मी हसत होतो.

गिटारविषयी त्यांचं मत सगळ्यांना पाठ होतं. सिनेमात नायक बिघडला हे दाखवायला जे वाद्य वाजवतात, ते गिटार. ते आमच्या गल्लीच्या तोंडाशीच राहायचे आणि संध्याकाळी काठी घेऊन फिरायला निघायचे. म्हणून मी खिडक्या लावायचो. शिवाय कोणी पाहुणा आला तर परकरवाल्या दिसू नयेत म्हणून गिटारच्या रेकॉर्डी मी बुवांच्या तपकिरी पाकिटांत लपवायला लागलो. एकेका पाकिटात एक बुवा आणि त्यांच्या पाठीमागे एक गिटार.

त्या साठात एक तबकडी वेगळी होती. कुठल्या कंपनीची नव्हती. पूर्वी मुंबईत काही स्टुडिओंत आपलं गाणं-वाजवणं थेट तबकडीवर कापून मिळायचं, तशातली ती होती. लेबल पांढऱ्या कागदाचं, त्यावरची शाई कधीतरी पाणी लागून पसरलेली. फक्त छप्पन्न हे साल वाचता येत होतं. साडेतीन मिनिटं. आधी मोकळी, ठेक्याशिवाय जोगियाची आलापी, मग एक साधी चाल. ती चाल मी कुठे ऐकली नव्हती, पण वाजवणारा कोणालाही दाखवायला वाजवत नव्हता एवढं कळत होतं. मधे एका जागी सूर वर जाता जाता खचकन खाली येतो आणि सावरतो. त्या जागेची मी दर वेळी वाट बघायचो. बाकीच्या मी ऐकत होतो. हिची मला गरज लागायला लागली होती.

आणि डिसेंबरच्या बैठकीत मी नेमकी तीच घेऊन गेलो. म्हणजे नेलं होतं तपकिरी पाकीट, त्यावर एका बुवांचं नाव. सबनीस सरांनी त्या बुवांच्या घराण्यावर वीस मिनिटं घेतली. मी घाईत पाकिटात हात घातला, तबकडी लावली, सुई टेकवली, आणि हॉलमध्ये गिटार सुरू झाली.

मी सुई उचलायला झेपावलो. सर डोळे मिटून बसले होते. त्यांनी न बघताच हात वर केला. थांबा, असा.

मी थांबलो. साडेतीन मिनिटं मी ग्रामोफोनजवळ वाकून उभा होतो, पाठीत कळ यायला लागली. संपलं. सरांनी डोळे उघडले तर ते ओले होते. अकरा वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं.

“विचित्र वीणा,” ते हळूच म्हणाले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विचित्र वीणा हे आपलं भारदस्त, दुर्मीळ वाद्य. त्यावरही काचेचा गोळा तारांवरून घासत सूर काढतात. तेव्हा सरांची चूक अगदीच वेड्यासारखी नव्हती. त्यांनी विचारलं, “झोपे, कोण हे?” आणि मी, वाकलेल्या अवस्थेतच, म्हणालो, “लेबल पुसलंय, सर.” हे खरं होतं. गिटार आहे, एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यात सर कुठल्याशा संस्थानाच्या दरबारात पोचले होते. दरबारी वैणिक असणार, जगापासून लपून राहिलेला. बंदिश तर लुप्तच. पुढच्या महिन्यात आपण यावर विशेष बैठक घेऊ. जळगावची माणसं बोलावू. तोवर झोपे, तुम्ही मूळ शोधा.

मूळ शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मिसेस हॅरिसनची भांडी बांधायचा दुसरा रविवार बाकी होता. मी कपबश्या पेंढ्यात गुंडाळता गुंडाळता विचारलं, ती पांढऱ्या लेबलाची कोणाची? त्या म्हणाल्या, ती आपली सत्तू. माझ्या नवऱ्याची, नॉर्मनची, गिटारची शिष्या. रेल्वे इस्पितळात नाही का?

रेल्वे इस्पितळातली सत्तू म्हणजे सिस्टर सत्वशीला रणपिसे. निम्म्या भुसावळला त्यांनी इंजेक्शनं दिलेली, आणि उरलेलं निम्मं भुसावळ त्यांच्या भीतीनं तब्येत सांभाळून होतं. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातल्या, लग्न न केलेल्या, उंच, आणि बोलायला सुईपेक्षा सरळ. मी संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चेहऱ्यावरून काही लक्षात येत नाही म्हणाल्या.

“मी लोकांना पाठीमागून ओळखते,” त्या म्हणाल्या. “कावीळ झाली होती का तुम्हाला? हो ना? मग आता आठवलं.”

मी तबकडीचं सांगितलं. मग सगळं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. हॅरिसनसाहेबांनी त्यांना रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये गिटार शिकवली. दोघांचं भांडण एकच. ते म्हणायचे नाचाचं वाजव, ह्या म्हणायच्या मी देवळातलं वाजवणार. देवळातलं म्हणजे चर्चमधलं. त्यांच्या वडलांच्या गावी कापणीच्या सणाला एक गीत गायचे, जोगियात बांधलेलं. साहेबांनी शेवटी हरून त्यांना स्वतः मुंबईला नेलं आणि तेच गीत तबकडीवर कापून घेतलं. एकच प्रत. ती सिस्टरनी गुरुदक्षिणा म्हणून साहेबांना देऊन टाकली. पुढे ड्यूट्या वाढल्या, बोटं आखडली, गिटार चर्चमधल्या पोरांनी मागून नेली आणि तारा खाली बसवून साध्या गिटारसारखी उभी वाजवायला घेतली. तबकडी कापली त्या दिवसानंतर सिस्टरनी ती पुन्हा ऐकली नव्हती. साहेबांकडे मागायला संकोच वाटला आणि साहेब गेल्यावर मिसेस हॅरिसनकडे मागायला त्याहून जास्त.

आणि मग मी ते केलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, “सिस्टर, पहिल्या रविवारी चार वाजता वाचनालयात या. मंडळात तुमची तबकडी लावणार आहेत. तुमचं नाव मी स्वतः सांगणार.”

“माझं नाव?”

“तुमचंच की.”

त्यांनी ड्यूटीचा तक्ता बघून रविवारची पाळी बदलून घ्यावी लागेल असं सांगितलं. एवढंच. पण मी फाटकातून बाहेर पडताना त्यांनी व्हरांड्यातला दिवा लावला आणि मी वळेपर्यंत तो विझवला नाही.

तेव्हा मी अगदी मनापासून ठरवलं होतं, हे कोणाला खोटं वाटू नये. सरांना सांगायला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा ते निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. दुसऱ्यांदा व्याख्यान लिहीत होते आणि त्यांनी मला दरबारावरची चार पानं वाचून दाखवली. तिसऱ्यांदा, म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, मी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, “बरं झालं आलात, तुम्हालाच बोलावणार होतो.”

त्यांनी मला एक किल्ली दाखवली.

मंडळाकडे एका दिवंगत वकिलांनी देऊन टाकलेलं कपाट होतं. चारशे रेकॉर्डी. त्या मंडळाच्या चिटणिसाच्या ताब्यात असत आणि फक्त तोच त्या घरी नेऊ शके. अकरा वर्षं मी त्या कपाटाच्या काचेतून आत बघत होतो, जसं पोरं हलवायाच्या काचेतून बघतात. जुने चिटणीस मुलाकडे पुण्याला चालले होते. सर म्हणाले, विचित्र वीणेचा शोध लावणारा माणूसच आता चिटणीस. उद्या भर सभेत जाहीर करतो.

मी काय बोलायला आलो होतो ते त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सतरंज्या पुरतील ना, तेवढं बघायला आलो होतो.

रविवारी हॉल भरला. जळगावहून सहाजण आले होते, शिवाय एका वर्तमानपत्राचा बातमीदार. तो भज्यांची वेळ विचारत होता. चारला पाच कमी असताना सिस्टर रणपिसे आल्या. पांढऱ्या गणवेशाशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जांभळ्या काठांचं मोतिया रंगाचं पातळ, कडक इस्त्रीचं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. सतरंजीवर बसायला त्यांना गुडघ्यांमुळे त्रास झाला. इंदूने सरकून त्यांना शेवटच्या रांगेत भिंतीशी जागा दिली. दोघींची बोलण्याइतकी ओळख नव्हती. इंदूलाही कुठल्यातरी पाठीमागच्या आठवणीतूनच ओळख पटली असावी, कारण ती जरा ताठ बसली.

सर चाळीस मिनिटं बोलले. म्हणाले, या वादनात पौरुष आहे. हा हात निःसंशय पुरुषाचा, किमान पन्नास वर्षं साधना केलेल्या पुरुषाचा. ही बंदिश एखाद्या शिवमंदिराच्या गाभाऱ्यातलीच. सिस्टर मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या, डॉक्टर चुकीचं औषध लिहून देत असताना जुनी नर्स ऐकते तशा.

मग मी सुई टेकवली.

लोक डोळे मिटून बसले होते. मी नेहमीप्रमाणे मिटले नाहीत. मला शेवटची रांग दिसत होती. सिस्टरचा डावा हात मांडीवर पालथा होता, आणि सुरांबरोबर तो पातळाच्या निऱ्यांवरून सरकत होता. जरा मागे, जरा पुढे. इंदूने तो पाहिला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. घरी इतक्यांदा ऐकलेली तबकडी ती ओळखणारच होती. पण आता तिला दुसरीही गोष्ट कळली होती.

संपलं. जळगावच्या एका गृहस्थांनी रुमाल काढला. सर उठले आणि म्हणाले, आता या थोर कलावंताचा शोध घेणारे आपले नवे चिटणीस श्री. झोपे दोन शब्द सांगतील.

मी उभा राहिलो. किल्ली सरांच्या हातात होती.

“कलावंत अज्ञात आहेत,” मी म्हणालो. “पुष्कळ शोध घेतला, पण नाव मिळालं नाही.”

टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. सिस्टरनी भिंतीला धरून उठत विचारलं की मधे एके ठिकाणी सूर वर जाता जाता खाली पडतो, ते काय आहे?

सर प्रसन्न झाले. म्हणाले, बाई, तुमचा कान चांगला आहे. तोच या वादनाचा कळस. तिथे साधक शरण जातो.

“ती चूक आहे,” सिस्टर म्हणाल्या. “हाताला घाम आला होता. कांडी निसटली.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

त्यांनी सरांना उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. इंजेक्शन द्यायच्या आधी, हाताची मूठ झाली का हे बघतात, तसं.

“झोपे सांगतील,” त्या म्हणाल्या.

ही गोष्ट मी आजवर लग्नांत, पंगतींत, रिटायर झालेल्यांच्या निरोपसमारंभांत पन्नास वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी इथे मी छाती काढून पुढे होतो, सगळं खरं सांगून टाकतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. आता माझं वय झालंय. इंदूला जाऊन दोन वर्षं झाली. ती होती तोवर माझं हे सांगणं सुपारी कातरत ऐकायची आणि एकदाही मला खोडलं नाही. म्हणून आता जसं झालं तसं सांगतो.

मी म्हणालो, “बाईंचा काहीतरी गैरसमज होतोय.”

सिस्टरनी मान हलवली, दोनदा, आणि खाली बसायला लागल्या. गुडघ्यांमुळे वेळ लागत होता. त्या अर्ध्या बसल्या असतील तेवढ्यात त्यांना आधार द्यायला धरलेला हात न सोडता इंदू उभी राहिली. बायका त्या मंडळात बोलत नसत. चहा आणत. इंदूचा आवाज आधी चिरकला, मग लागला.

“गैरसमज कसला? गिटार आहे ती. आमच्या घरात दोन महिने वाजतेय. ह्यांनी खिडक्या लावून ऐकली. आणि ह्या बाईंनी वाजवलेली आहे. हात बघत होते मी ह्यांचा. सांगा की हो, ह्याच ना?”

“ह्याच,” मी म्हणालो. एवढाच माझा पराक्रम. एक शब्द, तोही बायकोनं मागितला म्हणून.

मग जे झालं त्यावर मात्र मी सांगताना मीठमसाला घालत नाही, गरजच पडत नाही. सर लाल झाले, पांढरे झाले आणि म्हणाले, पुन्हा लावा. खात्री करून घेऊ. मी पुन्हा लावली. तीच तबकडी, तीच सुई, तीच माणसं. या वेळी कोणी डोळे मिटले नाहीत. रुमालवाले गृहस्थ रुमाल घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, हो, धातूचा आवाज येतोय खरा. कोणी म्हणालं, मींड जरा उथळ आहे. कांडी निसटते त्या जागी तर तिघांनी एकदम ‘हं’ केलं, उंदीर सापडल्यासारखं. सरांनी सांगितलं की त्यांना पहिल्यापासून किंचित शंका होतीच. शंकर गाभाऱ्यातून निघून गेले. पौरुषही गेलं.

एवढ्यात सिस्टर रणपिसे हसायला लागल्या. मोठ्यानं, अंग हलवत, डोळ्यांना पदर लावून. गजरा सुटून खांद्यावर आला. त्यांना हसताना निम्म्या भुसावळनं कधी पाहिलं नसेल. त्यांचं बघून इंदू हसायला लागली, आणि बातमीदारही. त्याला काहीच कळलं नव्हतं, पण भजी आली होती.

सरांनी ठराव मांडला की आजच्या बैठकीची नोंद इतिवृत्तात घेऊ नये. तो एकमतानं संमत झाला. एकमतानं म्हणजे माझा हातसुद्धा सवयीनं वर गेला होता. किल्ली सरांनी कोटाच्या आतल्या खिशात टाकली. पुढच्या महिन्यापासून मी मंडळात गेलो नाही. कोणी बोलावलंही नाही.

जिना उतरताना इंदू सिस्टरना म्हणाली, घरी चला, चहा घ्या. मला काही विचारलं नाही. मी तबकडी छातीशी धरून दोघींच्या मागून चालत होतो. बाजारातून जाताना दोघी भेंडीच्या भावाबद्दल बोलत होत्या. मला वाटलं, निदान शिव्या तरी द्याव्यात कोणी.

घरी आल्यावर सिस्टर पलंगावर भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि माफी मागायला लागलो. लांबलचक काहीतरी, त्यात कपाट होतं, चारशे रेकॉर्डी होत्या, तीनदा सरांकडे गेलो तेही होतं. त्यांनी मधेच हात वर केला.

“ती तबकडी तुम्ही मला देऊन टाकणार आहात ना?”

मी हो म्हणालो. तोवर मी असं काही ठरवलं नव्हतं.

“मग नेण्याआधी एकदा नीट ऐकू द्या. तिकडे त्या माणसांच्या घोरण्यात ऐकूच आली नाही.” मी ग्रामोफोनकडे वळलो, तर त्या म्हणाल्या, “असं नाही. तुमच्या मंडळात लावण्याआधी कोणीतरी उभं राहून सांगतं ना, कोणाचं काय ते. तसं सांगा.”

खोलीत आम्ही तिघंच. इंदू चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. मी ग्रामोफोनशेजारी उभा राहिलो, हात कुठे ठेवावेत कळेना. घसा खाकरून म्हणालो, “सादर आहे गिटारवादन. वादक, सत्वशीला रणपिसे.”

“ऐकू आलं नाही.”

मी पुन्हा सांगितलं.

“मी शेवटच्या रांगेत आहे, झोपे,” त्या म्हणाल्या. “आणि चाल कुठली ते नाही सांगितलंत. गुरूचं नाव नाही. चूक एक आहे, तीही सांगा.”

तेव्हा मी पाय जुळवले, श्वास घेतला आणि गाडीच्या वेळा सांगतात त्या आवाजात सगळं सांगितलं. गिटार, सत्वशीला रणपिसे. गुरू नॉर्मन हॅरिसन. कापणीच्या सणाचं गीत, राग जोगिया. चूक एक. शेजारची दोन माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी कोणाची तरी काठी थबकली.

सिस्टरनी पदर सारखा केला, डावा हात मांडीवर पालथा ठेवला आणि मान हलवली.

मी सुई टेकवली.